विकायला नसलेला वेग

एका डोंगरी गावात एक वृद्ध गुरुजी राहत. गावकऱ्यांनी वर्गणी काढून, खांब खांद्यावर वाहून गावात इंटरनेटचे केंद्र उभारले आणि घरोघरचे मोबाइल त्यावर चालू लागले, तेव्हा त्या केंद्राची व्यवस्था गुरुजींनी विश्वंभर नावाच्या आपल्या शिष्याकडे सोपवली.

पुढे गावाबाहेर एका व्यापाऱ्याने हॉटेल बांधले. तो विश्वंभरला म्हणाला, "केंद्राचा निम्मा खर्च मी उचलतो. माझ्या पाहुण्यांना आधी वेग द्या. उरेल तो गावाला." गावाचा भार हलका होईल, या विचाराने विश्वंभरने कोणालाही न विचारता यंत्रात तशी सोय करून टाकली.

या सौद्याची कुणकुण लागून गुरुजी एके सकाळी केंद्रात येऊन बसले. ते काही विचारणार, एवढ्यात पारूबाई मुलीला घेऊन आली. नर्सिंगच्या प्रवेशासाठी आदल्या दिवशी मुलीची मोबाइलवर मुलाखत होती. मध्येच चित्र गोठले, आवाज तुटला आणि समोरच्यांनी दुसऱ्या मुलीला बोलावले. पारूबाई संकोचून म्हणाली, "दादा, आमचाच मोबाइल जुना असंल, न्हाई का?"

मुलाखतीच्या वेळी हॉटेलात पाहुणे क्रिकेटचा सामना पाहत होते, हे विश्वंभरला ठाऊक होते. तरी तो म्हणाला, "हो, जुनाच आहे."

गुरुजी उठले आणि वाकून त्यांनी पारूबाईच्या पायांना हात लावला. "अगं बाई, हे काय गुरुजी!" म्हणत ती दचकून मागे सरली.

मायलेकी गेल्यावर विश्वंभरने विचारले, "आपण का वाकलात?"

"केंद्राची किल्ली तुझ्या हाती मी दिली होती, म्हणून दोष माझाही," गुरुजी म्हणाले. "अधिक वापरणाऱ्याने अधिक द्यावे, हे रास्तच. पण त्याच्या पैशाने तार वाढली नाही, बाळ; ती तेवढीच राहिली. व्यापाऱ्याने विकत घेतले ते इतरांचे मागे राहणे. आणि ते विकायला तुझे नव्हते. त्या सौद्याला एक वेळ तुझे अज्ञान म्हणू. पण त्या माउलीने तुझा दोष आपल्या पदरात घेतला, आणि तू तो घेऊ दिलास."

विश्वंभरची मान वर होईना. त्याने यंत्र पूर्ववत केले, व्यापाऱ्याचे पैसे परत केले आणि तो पारूबाईच्या घरी गेला. अंगणात ती नव्या मोबाइलसाठी शेळी विकत होती. शेळीचे दावे गिऱ्हाइकाच्या हाती गेलेच होते.

"थांबा," तो कसाबसा म्हणाला. "मोबाइल चांगला आहे. मी खोटं बोललो. चूक माझी होती, असं कॉलेजलाही कळवतो."

मुलगी आत निघून गेली. पारूबाईने दावे परत घेतले.

"आलात ते बरं केलंत," ती म्हणाली. "पन गावात अजून कितीजन आपलाच मोबाइल खराब समजून बसले असतील?"

विश्वंभर खाली मान घालून शेजारच्या दाराकडे वळला.