रिकाम्या हातांची फेरी

धामणखोलच्या टेकडीवरचं स्मारक दुरून एखाद्या संस्थानिकाच्या महालासारखं दिसतं. पांढरा संगमरवरी घुमट, बारा खांब, भोवती जांभ्या दगडाची रुंद वाट. घुमटाखाली एका बाईची मूर्ती आहे. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर चिरा. मूल कडेवर घेताना काढतात तशी डावी कंबर बाहेर काढलेली, डावा हातही तसाच वळलेला. पण कडेवर मूल नाही. तिथे नुसते छिन्नीचे खरबरीत घाव आहेत.

"फुटलेली नाही हो मूर्ती," पायरीवर बसलेल्या द्वारकाकाकी म्हणाल्या. मी काही विचारलं नव्हतं. बहुधा सगळेच विचारत असावेत. इथली झाडलोट त्या चाळीस वर्षं करतात. माझी अकरा महिन्यांची रेवा माझ्या कडेवर होती आणि नवरा खाली गाडीपाशी ऑफिसच्या फोनवर.

"दे तिला माझ्याकडं, आणि एक फेरी मारून ये. लेकुरवाळीनं इथं रिकाम्या हातांनी फिरायचं असतं."

मी रेवाला आणखी घट्ट धरलं आणि वेळ काढायला विचारलं, असं का?

असं सांगतात, की टेकडीच्या उगवतीच्या उतारावर पूर्वी चिरेखाण होती. तिथे येसू नावाची बाई चिरे वाहायची. नवरा वारलेला, मूल सदा कडेवर. दुपारी भाकरी खाल्ली की बाकीच्या बाया माथ्यावर जाऊन वाऱ्याला बसत. पलीकडे समुद्र दिसतो. मूल घेऊन तो चढ काही येसूला चढवत नसे. "कुणी याला घटकाभर धरलं, तर मीही बघून येईन," असं ती म्हणायची म्हणे. पण ज्यांच्या कडेवर पोरं नव्हती त्याही दमलेल्या असत. उद्या, उद्या म्हणता खाण संपली, आणि येसूही गेली. समुद्र काही तिने पाहिला नाही.

ते मूल म्हणजे दाजीशेठ. कौलांच्या तीन कारखान्यांचे मालक.

"त्यांच्या भोंग्यावर आमची गावभर चूल पेटायची," काकी म्हणाल्या. "कारखाना बंद पडून किती वर्षं झाली. पण पहाटे पाचला कान अजून तिकडंच लागतो."

म्हातारपणी शेठनी माथ्यावर आईचं स्मारक बांधायला घेतलं. संगमरवर आगबोटीने आला, मूर्तिकार मुंबईहून. त्याला शेठनी सांगितलं, आई मला आठवते तशीच घडव. डोक्यावर चिरा, कडेवर मी. अनावरणाच्या आदल्या दिवशी येसूच्या सोबतिणीला, भिकीला, डोलीत बसवून वर आणलं. नव्वदीची होती ती. काकींच्या आजीची बहीण, म्हणून हे सगळं त्यांच्या घरात ठाऊक. भिकी मूर्तीकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली म्हणे,

"दाज्या मेल्या, ती बापडी एवढ्या वर आली, ती तुला घेऊनच? इथं तरी खाली उतर."

मुनीम तिच्या अंगावर धावून गेला. शेठनी त्याला हातानेच थांबवलं. मूर्तिकार म्हणाला, मूल काढायला गेलो तर तडा जाईल, सगळी मूर्ती जाईल. शेठ म्हणाले, जाऊ दे. अनावरण पुढे ढकललं आणि तीन दिवस छिन्नी चालली. स्वतःच्या कपच्या उडताना शेठ समोर बसून बघत होते, असं सांगतात. मूर्तीला केसाएवढाही तडा गेला नाही.

"आणि डोक्यावरचा चिरा?" मी विचारलं.

"तो राहू दिलान. कामाची कुठं लाज होती तिला?"

अनावरणाला एका गवंड्याची बायको तान्हं घेऊन आली होती. भाषण सोडून शेठनी ते मूल स्वतःकडे घेतलं आणि तिला म्हणाले, "जा, समुद्र बघून ये. मी आहे इथं." तेव्हापासूनची ही रीत.

"ऐकलंस ना सगळं? दे आता."

मी दिली. काकींच्या गळ्यातल्या माळेचे मणी रेवाने गिळल्याचं चौथ्या खांबापर्यंत मी तीनदा डोळ्यांपुढे पाहिलं. घुमटाच्या मागे गेल्यावर दोघी दिसेनाशा झाल्या आणि मी चक्क पळत सुटले. परत आले तर रेवा काकींच्या पदराचं टोक चघळत होती. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. मला जरा रागच आला.

"कसा वाटला समुद्र?"

मी वळून मागे पाहिलं. समुद्र होता तिकडे?

"पहिल्या फेरीत कुणालाच दिसत नाही गो," काकी म्हणाल्या. "परत जा."

आजही धामणखोलला लेकुरवाळीला दोनदा पाठवतात. दुसऱ्यांदा मी चालत गेले. हात कुठे ठेवावेत कळेना, म्हणून मावळतीच्या कठड्यावर ठेवले. जांभा उन्हाने तापला होता. खाली खाडी समुद्राला मिळत होती, आणि पाणी नेमकं कुठे रंग बदलतं ते मी शोधत राहिले. शाळेच्या सहलींत मी अशीच सगळ्यांच्या मागे रेंगाळायचे आणि बाई हाका मारून दमायच्या.

त्या दिवशी मला कुणी हाक मारली नाही.