एका काडतुसाची बंदूक

"आणि दुसरं काडतूस?"

"नाही."

"मिळेल?"

"नाही. विलायतेत करायचं बंद झालं. मुंबईच्या दुकानांत विचारलं, कलकत्त्याला माणूस पाठवला. सगळे हसतात. हे एवढंच आहे."

लाडले उस्तादांनी काडतूस उन्हात धरलं. पितळ काळवंडलं होतं. बुडावरचा आकडा मात्र वाचता येत होता... तीनशे तेहतीस.

"म्हणजे एका बारासाठी बंदूक करायची."

"हो."

"तुमच्याकडे बंदुका नाहीत?"

"आहेत. चांगल्या आहेत."

"नेम?"

"चार तालुक्यांत विचारा."

 उस्तादांनी काडतूस परत दिलं आणि समोरच्या कोयत्याला पुन्हा धार लावायला घेतली.

लाडलेसाहेब शिकलगार हे एके काळी संस्थानच्या शिलेखान्यात बंदुका घडवायला होते. संस्थान विलीन झालं, शिलेखान्याला कुलूप लागलं, आणि ते आजऱ्याच्या पुढे जंगलाच्या कडेला एका वाडीत येऊन राहिले. कोयते, विळे, कुऱ्हाडी एवढंच काम उरलं होतं. तरी लोक यायचे. कुणाचं भावकीचं भांडण मिटत नसायचं, कुणाचा मुलगा घर सोडून गेलेला असायचा. लोक बसायचे, बोलायचे, उठून जायचे. उस्ताद धार लावत राहायचे.

हिंदूराव सरनोबत मात्र बसायला आलेला नव्हता. जीप दाराशी उभी करून, बूट न काढता तो उंबऱ्यात उभा होता.

"आबांची होती अशी बंदूक," तो म्हणाला. "माझ्या वडिलांची. हिरण्यकेशीच्या पुरात नाव उलटली. आबा सापडले. बंदूक सापडली नाही."

"आणि हे?"

"घरी खुंटीवर त्यांचा जुना कोट होता. त्याच्या खिशात."

दगडावर कोयता फिरत होता.

"मला तीच बंदूक हवी आहे, उस्ताद."

"ती नदीत आहे."

"तशी."

उस्तादांनी कोयता बाजूला ठेवला.

"मी करणार नाही," ते म्हणाले. "तू कर. मी इथं बसतो."

आत्तापर्यंत 'तुम्ही' म्हणणारा माणूस एकदम 'तू' म्हणाला. सरनोबतांच्या घरातल्या माणसाला असं कुणी म्हणत नसे. हिंदूराव क्षणभर तसाच उभा राहिला.

मग त्यानं बूट काढले.

*

पहिलं काम म्हणून उस्तादांनी त्याला लोखंडाचा एक तुकडा दिला आणि कानस दिली.

"सपाट कर."

"याचं काय होणार?"

"सपाट होईल."

हिंदूराव आठवड्यातून दोनदा यायचा, मग तीनदा. हाताला फोड आले, फुटले, कातडी जाड झाली. तुकडा सपाट होईना. एक कोपरा उतरला की दुसरा वर राहायचा.

एक दिवस त्यानं तुकडा आवारात भिरकावला.

उस्ताद उठले. तुकडा शोधून आणला, धोतराला पुसला, त्याच्यासमोर ठेवला.

"आबांना राग यायचा?"

"यायचा."

"मग काय करायचे?"

हिंदूराव बराच वेळ आठवत राहिला.

"मला आठवत नाही," तो म्हणाला.

त्यानं कानस उचलली.

पुढच्या उन्हाळ्यात खरं काम सुरू झालं. एका मोडक्या जर्मन बंदुकीचा सांगाडा मिळाला. एक बारीक तोंडाची जुनी नळी मिळाली. ती आतून वाढवायची, तिच्यात गोळीला फिरकी देणारे नवे आटे पाडायचे, मागच्या बाजूला काडतुसाचं घर कोरायचं. खरं काडतूस घालून बघणं धोक्याचं, म्हणून उस्तादांनी पितळेचं हुबेहूब तसंच एक घडवून घेतलं. हिंदूरावनं ते दिव्याच्या काजळीवर धरायचं, काळं करायचं, नळीत सारायचं, बाहेर काढायचं. जिथली काजळी पुसली गेली तिथं लोखंड अडतंय. तेवढंच केसभर खरवडायचं.

पुन्हा काजळी. पुन्हा आत. पुन्हा बाहेर.

"रोज तेच," हिंदूराव म्हणाला.

"दाखव."

त्यानं दाखवलं. उस्तादांनी चष्मा वर केला.

"काल इथं अडत होतं. आज इथं."

हिंदूरावनं पाहिलं. खरं होतं.

त्या वर्षी तो शिकारीला गेला नाही. मित्रांनी बोलावलं, जीप पाठवली. त्यानं ती परत पाठवली. घरी जेवताना त्याची बोटं काळी असायची. बायको विचारायची, कधी होणार ही बंदूक. तो म्हणायचा, होईल.

*

खांद्याला टेकायच्या दस्त्यासाठी शिसवाचं लाकूड आलं. उस्तादांनी हिंदूरावला उभं केलं.

"हात वाकव."

कोपराच्या खोबणीपासून बोटाच्या पेरापर्यंत त्यांनी दोरी लावली आणि तिला गाठ मारली.

"बोटभर वाढवा," हिंदूराव म्हणाला.

"का?"

"आबा माझ्याहून उंच होते. त्यांचा हात लांब होता."

उस्ताद दोरी हातात धरून उभे राहिले.

"आबा चालवणार आहेत?"

हिंदूरावनं मान दुसरीकडे वळवली. बाहेर कुणाची तरी गुरं चालली होती. 

"गाठ आहे तिथंच राहू द्या," तो शेवटी म्हणाला.

लाकूड तासून, घासून, तेल पाजून झालं. नळी बसली, खटका बसला, चाप बसला. एका सकाळी हिंदूरावनं बंदूक उचलून खांद्याला लावली. ती अशी बसली, जणू त्याच जागेसाठी वाढली होती. त्यानं नळीच्या टोकावरची माशी समोरच्या डोंगरावर नेमात धरली आणि बराच वेळ बंदूक खाली घेतली नाही.

मग खिशातून काडतूस काढलं.

"थांब," उस्ताद म्हणाले.

"काय?"

"नवी बंदूक. पहिला बार खांद्यावर काढायचा नसतो. झाडाला बांधायची. चापाला दोरी. माणसानं आडोशाला बसून दोरी ओढायची."

"नळी मी केली आहे. मला माहीत आहे ती."

"मलाही माहीत आहे. लोखंडानं अजून काही सांगितलेलं नाही."

"मग मी कधी चालवायची?"

"दुसरा बार तुझा."

"दुसरं काडतूस नाही, उस्ताद."

"हो."

हिंदूरावनं बंदूक हळूच खाली ठेवली. 

"हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"होतं."

"सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर कानस धरली असतीस?"

"एवढं करून मी फक्त दोरी ओढायची?"

उस्तादांनी आवारापलीकडच्या जांभळीच्या झाडाकडे बोट केलं.

"मी ती अशीच घरी नेतो. काडतुसासकट. भिंतीवर राहील."

"न तपासलेली बंदूक माझ्या दारातून बाहेर जात नाही. उद्या तुझा नातू ती खांद्याला लावेल. त्याला कोण सांगणार?"

हिंदूराव काडतूस मुठीत घेऊन उठला. पायात बूट घालताना त्याच्याकडून नाडी बांधली जाईना. ती तशीच लोंबती ठेवून तो जीपमध्ये बसला आणि निघून गेला.

उस्तादांनी बंदूक पुसली आणि आत खुंट्यांवर आडवी ठेवली.

*

सगळा पावसाळा तो आला नाही. वाडीचा रस्ता बंद झाला, पुन्हा उघडला. भिंती ओलसर झाल्या तेव्हा उस्ताद दर शुक्रवारी बंदूक खाली काढायचे, तेलाचं बोट फिरवायचे, परत ठेवायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "पोराची आहे."

दसरा झाला. भात पिवळं पडू लागलं. एका दुपारी हिंदूराव चालत आला. जीप त्यानं खाली रस्त्यालाच सोडली होती.

तो आपल्या जागेवर बसला. उस्ताद विळ्याला धार लावत होते.

विळा झाला. दुसरा घेतला. तोही झाला.

"उस्ताद..."

"हं."

"मला बंदूक नको होती."

उस्तादांचा हात थांबला.

"आबा जंगलात जायचे तेव्हा आई मागच्या पायरीवर बसायची. मी तिच्याशेजारी. दिवस कलला तरी ती बोलायची नाही. मीही नाही. त्या मुलखात बंदुका पुष्कळ होत्या, बार कुठून ना कुठून ऐकू यायचे. ती हलायची नाही. मग आबांचा बार यायचा. तो वेगळा होता... जाड. पहिल्यांदा छातीत लागायचा, मग कानाला. आणि डोंगरातून जात राहायचा. तो आला की आई पायरीवरून उठायची. एवढंच. उठायची आणि आत जायची."

तो थांबला.

"मग थोड्या वेळानं आबा यायचे."

उस्तादांनी हातातला विळा खाली ठेवला.

"आई गेली. आता तो आवाज फक्त माझ्याकडे आहे. आणि उस्ताद, तो मला पूर्वीसारखा आठवत नाही. इतके बार काढले मी, इतक्या बंदुकांचे... त्यांत तो मिसळत चाललाय. तुमच्याकडे यायच्या आधी एकदा डोळे मिटून आठवायला बसलो, तर माझ्याच बंदुकीचा आवाज आला."

त्यानं खिशातून काडतूस काढून समोर ठेवलं. पितळ आता चकचकीत झालं होतं. सगळा पावसाळा ते कुणाच्या तरी हातात फिरलं होतं.

"तो पुन्हा एकदा ऐकायचा होता. म्हणून हे सगळं."

उस्तादांनी काडतूस उचललं. मग आत जाऊन बंदूक आणली.

"घर कुठं होतं तुमचं? जंगलापासून?"

"ओढ्याच्या अलीकडे. जंगल पलीकडे."

"मधे डोंगर?"

"एक सोंड होती."

उस्तादांनी हात लांब केला. शेतांच्या पलीकडे ओढा होता, ओढ्यापलीकडे माळ चढत गेला होता, आणि माळाच्या टोकाला एक मोठा काळा खडक होता.

"तिथं जा."

"मी?"

"तू."

"आणि दोरी?"

उस्तादांनी सुतळीचं गुंडाळं कंबरेला खोचलं आणि बंदूक खांद्यावर टाकून ते जांभळीच्या झाडाकडे चालू लागले. त्यांनी मागे पाहिलं नाही.

*

हिंदूराव शेताच्या बांधावरून उतरला. ओढ्यात पाणी घोट्याएवढं होतं. माळ चढताना त्याला दम लागला. खडकाशी पोचून त्यानं वळून पाहिलं. जांभळीचं झाड इथून मुठीएवढं दिसत होतं, उस्ताद दिसतच नव्हते.

तो खडकावर बसला.

पहिल्यांदा त्याचं लक्ष झाडाकडे होतं. वारा कुठून आहे, अंतर किती आहे, हे त्यानं नकळत जोखलं. मग जोखण्यासारखं काही उरलं नाही.

काहीच होत नव्हतं.

म्हाताऱ्याचे हात कापत असतील, त्याला वाटलं. गाठ बसत नसेल. नळी... नळीच्या घरात डाव्या अंगाला एकदा जरा जास्त खरवडलं गेलं होतं, ते उस्तादांना सांगितलं होतं का? सांगितलं होतं. आडोसा पुरेसा असेल ना? बंदूक बांधणारा माणूस तिथं एकटा आहे, हे त्याला आत्ता सुचलं. धावत खाली जावं असं वाटलं. पण जाता जाता बार झाला तर...

तो बसून राहिला.

उन्हं माळावरून सरकली. टिटवी ओरडली आणि थांबली. कुठून तरी धुराचा वास आला. आता तो झाडाकडे बघत नव्हता. हात गुडघ्यांवर होते. कुणाची वाट बघायला बसल्यासारखा तो बसला होता. किती वेळ गेला ते त्याला नंतरही सांगता आलं नाही.

मग आला.

पहिल्यांदा छातीत. मग कानाला. जाड, गोल... समोरच्या डोंगराला लागला, तिथून मागे वळला, घळीत उतरला, पुढच्या डोंगराला लागला आणि जात राहिला. बारीक होत, लांबत, जात राहिला. संपला कुठं ते कळलं नाही.

हिंदूराव उठून उभा राहिला होता. आपण केव्हा उठलो ते त्याला आठवेना.

माळावर कुणी नव्हतं. तो जंगलाच्या वाटेकडे बघत राहिला. बराच वेळ बघत राहिला. वाटेनं कुणी आलं नाही.

*

तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा ओला होता आणि तो त्यानं पुसला नव्हता.

बंदूक जांभळीच्या खोडाला बांधलेलीच होती. तिला कुठं तडा नव्हता. दारूचा वास अजून हवेत होता. उस्ताद मुळावर बसून सुतळी गुंडाळत होते.

हिंदूराव त्यांच्यासमोर मातीत बसला.

"तोच होता," तो म्हणाला.

उस्तादांनी मान हलवली.

"पण आबा..."

  सुतळीचं शेवटचं टोक उस्तादांनी आत खोवलं.

"आता काही राहिलं नाही, उस्ताद," हिंदूराव म्हणाला. "काडतूस नाही. आवाज गेला. ही आता कधीच बोलणार नाही. हिचं मी काय करू?"

उस्ताद उठले. त्यांनी बंदूक सोडवली, खटका मागे ओढला, रिकामं पितळ काढून बाजूला टाकलं. मग गज आणि तेलाचं फडकं त्याच्या हातात दिलं.

"आधी नळी पूस," ते म्हणाले. "गंज धरायच्या आत."