निळ्या पाखराचा पिंजरा

एका राज्यात सैनिक माणसाच्या हुकमानं हलत नसत. हाडांच्या डोंगरात एक विहीर होती. तिच्यात सैनिक जन्मत, आणि ते ऐकत फक्त पाखरांचं. पिवळं पाखरू बोललं की बाळसैनिक वाढत. तांबडं बोललं की वाढलेले धावत, तापत, शत्रूवर तुटून पडत. निळं गायलं की शस्त्रं खाली ठेवत.

राजा रुद्रकेतानं एकदा निळ्याचं गाणं ऐकलं, आणि लढाई संपताच सैनिकांना तलवारी ठेवताना पाहिलं. "हे पाखरू फितूर आहे," राजा म्हणाला. त्यानं ते मांत्रिकाला दिलं. मांत्रिकानं पिंजऱ्यात घालून त्याचा दगड केला.

पुढं वेशीतून काटेरी राक्षस शिरला. सैनिकांनी तो मारला. पण पुरे म्हणणारं कोणी नव्हतं, म्हणून ते आपलीच घरं जाळू लागले. जमीन तापली, तसा पाळण्यातला राजपुत्र सोमदत्तही तापला. राणी हेमावती कपाळावर ओली पट्टी ठेवी, हात उचलेपर्यंत ती वाळे.

राणी मांत्रिकाकडे गेली.

"आता आठवण झाली होय?" मांत्रिक म्हणाला. "पिवळ्याला गप्प कर. तांबड्याला गप्प कर. मग ज्यानं पाखरू दिलं, त्याच्याच हातानं पिंजरा उघडव. शाप तुटेल."

पिवळं विहिरीच्या काठावर होतं. ते म्हणालं, "मी गप्प बसले आणि उद्या शत्रू आला तर, बाई?"

"तर उद्या बोल. आज उभं राहायला जागा नाही, इतके वाढवलेस."

पिवळं गप्प झालं.

तांबडं वेशीवर ओरडत होतं. "धूर दिसतोय. धूर आहे तोवर मी बोलावणार."

राणीनं राक्षसाचं प्रेत दाखवलं. "हा केव्हाच मेला."

"मग धूर कुणाचा?"

"तू बोलावलेल्यांचा."

तांबड्यानं चोच मिटली. पण पेटलेले सैनिक पेटलेलेच राहिले.

राणीनं पिंजरा पाळण्याशेजारी आणवला आणि राजाला तिथं घेऊन आली. राजाचा हात कडीशी अडला.

"हे गायलं की माझं सैन्य निःशस्त्र होईल, राणी. वेस उघडी आहे."

"त्या तलवारी लेकराच्या पाळण्यापाशी आल्यात, महाराज. कुणापासून राखताय त्याला?"

राजानं पाळण्याकडे पाहिलं. पोरगं आता रडतही नव्हतं. राजानं कडी काढली.

दगडाला पिसं फुटली. निळं पाखरू हळू गायलं. ज्यांनी तो सूर पूर्वी ऐकला होता त्यांनी शस्त्रं ठेवली, बाकीचे त्यांचं पाहून थबकले. पुष्कळसे दमून आडवे झाले आणि तिथंच माती झाले. राक्षसाचा चेहरा ओळखणारे थोडे वेशीवर पहाऱ्याला बसले. राजा त्या मातीतून अनवाणी चालत गेला.

जमीन निवली. सोमदत्ताच्या कपाळाला घाम फुटला, आणि त्यानं डोळे न उघडताच पेज मागितली.

तिन्ही पाखरं पुन्हा आपापल्या वेळी बोलू लागली. जळालं ते जळालं, उरलं ते निवलं. तसं घरोघरच्या लेकरांचं निवो.