फाटकावरची पाटी

हिंदुराव मालकांच्या कारखान्यात पितळी नळांना मुलामा देतात, त्यामुळं ॲसिडचे कॅन भिंतीला रांगेनं उभे असतात. एका सकाळी मालकांनी त्यांच्यावरची सगळी लेबलं खरवडून काढायला लावली.

"कुठं कवटी, कुठं जळका हात! अशानं लक्ष्मी येते होय? दिसलं नाही, की भीती नाही. कामाला लागा!"

झालं! दुपारी तिथं कामाला असलेल्या मालननं साबणाचं पाणी समजून ॲसिडच फरशीवर ओतलं आणि पायाला हे एवढाले फोड आणले. तिच्यासोबतच्या बायजाक्का मालकांना सांगून सांगून थकल्या. मालकांचं आपलं एकच, "अपशकुन नको!"

शेवटी आक्का वैतागून थेट मालकांच्या बंगल्यावर गेल्या. फाटकावरची 'कुत्र्यापासून सावध राहा' ही पाटी उपसली आणि काखेत मारली. आत मोकळा सोडलेला कुत्रा भुंकून भुंकून फाटकावर झेपावत होता.

मालक धावत आले. "अगं आक्के, डोकं फिरलं का तुझं? पाटी लाव आधी! कुणी न कळून आत आलं, तर फाडून खाईल तो!"

"असं कसं खाईल? पाटी दिसत नाही, म्हणजे भीती नाही. तिकडं ॲसिडसुद्धा तुमचा हुकूम मानतंय म्हणं, मग घरचं कुत्रं का मानत नाही?"

मालकांनी एकदा कुत्र्याकडं, एकदा आक्कांच्या काखेतल्या पाटीकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "लावतो लेबलं. दे ती पाटी."

"आधी तिकडं लागू देत, आम्हाला वाचता येतील अशा मराठी अक्षरांसकट. तोवर कुत्रं बांधून ठेवा."