काट्यांच्या घरट्यात अंडं नाही

फार मागची गोष्ट, पण मला अगदी आतून कळलेली. विहिरीवर समोरासमोर दोन बाभळी होत्या. दोन्हींवर सुगरण पक्ष्यांची वस्ती. नराने घरटं विणायचं, मादीने आत शिरून पारखायचं आणि पसंत पडलं तरच अंडी घालायची, अशी त्यांची रीत.

एकदा तिथे साळिंदर आलं. अल्याड म्हणालं, "पलीकडचे काटे जमवतायत हो!" पल्याडही तेच सांगितलं. एका कणसाच्या बदल्यात अंगावरचा एक काटा देऊ लागलं. नरांनी विणकाम सोडून घरट्यांत काटे भरले. चढाईचा दिवसही ठरला.

अल्याडची चंद्री सुगरण आपल्या नराचं घरटं पारखायला आत गेली, ती तशीच बाहेर आली.

"अहो, इथे पिल्लं ठेवू की काटे?"

"तुझ्याच रक्षणासाठी गं!"

"मग अंडीही तुम्हीच घाला!"

ती तडक पलीकडे गेली. तिथल्याही बायका वैतागलेल्याच. दोन्हीकडच्या साऱ्याजणी विहिरीच्या काठावर येऊन बसल्या. काटे आहेत तोवर एकही अंडं नाही!

हंगाम सरत चालला, तसे नर घाबरले. एकाने काटा विहिरीत टाकला, मग दुसऱ्याने, आणि मग दोन्ही बाभळींवरून काटे टपाटप पडू लागले.

साळिंदर किंचाळलं, "अरे वेड्यांनो, पलीकडचे येतील ना!"

"येऊ देत की," चंद्री म्हणाली, "बारशाला बोलावलंच आहे!"