पडून राहिलेला राक्षस

फार फार वर्षांपूर्वी, नदी जिथे खाडीला मिळते त्या मुलखात गावोगाव सोंगांचे खेळ करणारी एक मंडळी होती. मंडळीचे मालक होते रावळोजी. त्यांचा भाचा शिरपत, तो खेळात राजा व्हायचा. त्यांची वहिनी चंद्राबाई, ती राणी व्हायची. आणि सगळ्यांत मागच्या बैलगाडीत राहायचे तिघं: धाकू, त्याची बायको भागू आणि त्यांची लेक सुरंगी.

हे तिघं खाडीपलीकडच्या लोकांतले. त्यांचे पूर्वज कुठल्या दूरच्या किनाऱ्यावरून गलबतातून आलेले. अंगाचा रंग तव्याच्या बुडासारखा, केस दाट आणि कुरळे. धाकूच्या आज्यापासून हे घर मंडळीत होतं. गाड्यांची चाकं घडवावीत त्यांनी, ढोल मढवावेत त्यांनी, आणि खेळात राक्षस व्हावं तेही त्यांनीच.

का, असं कुणी विचारलं नाही. विचारलंच, तर मंडळीत एक ठरलेलं हसणं होतं. म्हणायचे, धाकूला काजळी लागत नाही, आपला रंग वाचतो. सगळे हसायचे. धाकूसुद्धा हसायचा. न हसून जाणार कुठे?

आता मंडळीची एक रीत ऐका. खेळ व्हायचा उन्हं कलल्यावर, गावाच्या मोठ्या झाडाखाली. शेवटी राजा राक्षसाला मारायचा, राक्षस धुळीत पडायचा. मग राजा, राणी, प्रधान, सगळे ओळीनं उभे राहायचे. मालक नारळ फोडायचे, देवाचं नाव घ्यायचे, आणि जे उभे असतील त्यांना खोबरं वाटायचे. गावातल्या बाया येऊन त्यांना ओवाळायच्या. राक्षसानं मात्र सगळं गाव पांगेपर्यंत उठायचं नाही. मेलेला राक्षस देवाच्या नावाआधी उठला तर अपशकुन, अशी समजूत. तो उठायचा तेव्हा करवंट्या उरलेल्या असायच्या.

धाकू असा चाळीस वर्षं मेला होता. त्याच्या आधी त्याचा बाप, त्याच्या आधी त्याचा आजा. तिघांपैकी कुणाला कधी कुणी ओवाळलं नव्हतं.

यात मंडळीतलं कुणी दुष्ट होतं असं समजू नका. रावळोजी भल्या मनाचे. धाकू आजारी पडला तर स्वतः काढा करून आणायचे. पण रीत म्हणजे रीत. ज्याच्या अंगाला ती लागत नाही, त्याला ती दिसतही नाही.

सुरंगी मोठी झाली ती कनातीच्या मागे बसून. वनवासातल्या राणीचा खेळ तिला अक्षर न् अक्षर पाठ होता. एका सकाळी ती मालकांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, मला राणी व्हायचंय.

रावळोजी सुपारी कातरत होते. हसून म्हणाले, "पोरी, राणी काळी असते का कधी?"

सुरंगी म्हणाली, "मालक, आपल्या खेळातली राणी बारा वर्षं रानात उन्हातान्हात हिंडते. ती गोरी कशी राहते, ते तुम्ही सांगा."

शिरपतला ठसका लागला. मालक रागावले. कामाला लाग म्हणाले.

पुढे काय झालं, ऐन जत्रेच्या दिवशी चंद्राबाईंचा घसा बसला. शब्द फुटेना. दुसरं कुणी राणीच्या ओव्या म्हणणारं नव्हतं. मग मालकांनी सुरंगीला बोलावलं. तिला आनंद झाला, पण तो घटकाभरच टिकला. मालकांनी पांढऱ्या मातीत तेल कालवून लेप करायला सांगितला. चेहरा, मान, हात, सगळं झाकायचं. लोकांना कळता कामा नये, म्हणाले. भागूनं मुकाट्यानं लेकीच्या तोंडाला तो लेप लावला.

कलतं ऊनही कडक होतं. सुरंगीनं ओव्या अशा म्हटल्या, की पुढे बसलेल्या बाया पदर डोळ्यांना लावायला लागल्या. पण हे लेप ओला होता तोवरच. तो वाळला, तडकला, घामानं त्याचे पोपडे सुटले. मागून एक जण ओरडला, अरे, राणी सोलली. आणि सगळी जत्रा हसली.

सुरंगी थांबली नाही. हसू ओसरेपर्यंत तिनं वाट पाहिली, आणि राहिलेल्या ओव्या शेवटपर्यंत म्हटल्या. खेळ संपल्यावर मालक म्हणाले, "बघ, मी म्हणत होतो ना. आपली काही हरकत नाही गं, लोकच घेत नाहीत."

ती म्हणाली, "मालक, लोक मला हसले नाहीत. ते लेपाला हसले. आणि लेप तुमचा होता."

त्या संध्याकाळी मागच्या गाडीशी तिघं बसले. भागू म्हणाली, चला इथून, कष्ट कुठेही करू. सुरंगी म्हणाली, नाही. गेलो तर उद्या आपल्यातल्याच दुसऱ्या कुणाला आणून धुळीत पाडतील, आणि म्हणतील, आधीचे बरे होते. धाकू म्हणाला, मी इतकी वर्षं हसत होतो ना, तेच चुकलं.

पुढच्या गावी खेळाची वेळ झाली. राजा तयार झाला, प्रधान तयार झाला. राक्षस मात्र चाकाला टेकून बसलेला. मालक धावत आले. धाकू उठून उभा राहिला, हात जोडले, आणि सावकाश बोलला.

"मालक, मी चाळीस वर्षं मेलो. अजूनही मरेन. पण आज दुसऱ्यानं मरावं. मी पळत नाही, मी वाटून घ्या म्हणतोय."

मालक तापले. नसेल पटत तर मंडळी सोड, म्हणाले.

"सोडणार नाही," धाकू म्हणाला. "या गाड्यांची चाकं माझ्या आज्यानं घडवली. मंडळी जितकी तुमची, तितकी माझी. आपल्या घरातून कुणी निघून जातं का?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ही गोष्ट कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. झाडाखाली गाव जमलेलं. राक्षसाशिवाय राजा लढणार कुणाशी? शेवटी शिरपत छाती काढून पुढे आला. त्यात काय एवढं, पडून तर राहायचं, म्हणाला. त्यानं काजळी फासली, धाकूला राजाचा शेला दिला, आणि खेळ उभा राहिला.

शिरपत झोकात मेला. पालथा पडला. मग ओळ लागली, नारळ फुटला, बाया ओवाळायला आल्या. धुळीत पडलेल्या शिरपतच्या नाकाशी मुंग्या होत्या. ज्यांच्याबरोबर तो रोज जेवायचा, तेच त्याला ओलांडून जात होते. एका पोरानं काठी टोचून पाहिली. शिरपतनं हळूच पाणी मागितलं, तर प्रधान झालेला गडी सवयीनं म्हणाला, "गप पड रे, मेलेला राक्षस उठत नसतो."

हेच वाक्य शिरपत स्वतः धाकूला शंभरदा म्हणाला होता. म्हणताना त्याला ते मजेचं वाटायचं. खालून ऐकताना तसं वाटलं नाही.

तो उठला. लोक असतानाच उठला. आभाळ कोसळलं नाही, झाडही पडलं नाही. शिरपत मालकांपुढे जाऊन म्हणाला, "मामा, मी दोन घटका पडलो. धाकूदादा चाळीस वर्षं पडलाय. मला आज कळलं असं म्हणायचीसुद्धा लाज वाटते. तो समोरच होता, आम्ही विचारलं नाही."

रावळोजींनी नारळाचा मोठा तुकडा उचलला आणि धाकूच्या हातावर ठेवला. घे बाबा, झालं ना समाधान, म्हणाले.

धाकूनं तो कपाळाला लावला. पण सुरंगी पुढे झाली. म्हणाली, "मालक, आज तुम्ही दिलंत, तुमचं मन मोठं. पण उद्या तुमचं मन लहान झालं तर? बाबांना तुकडा नको, रीत बदलून हवी. नाहीतर माझ्या लेकरांना पुन्हा मागत बसावं लागेल."

रावळोजींनी हातातली करवंटी खाली ठेवली. म्हातारा माणूस, आयुष्यभराची सवय. राग गिळायला वेळ लागला. पण गिळला. मग त्यांनी सगळ्यांना गोल बसवलं, आणि पहिल्यांदा मागच्या गाडीतल्या माणसांना आधी बोलू दिलं.

भागू, जी कधी बोलत नसे, ती बोलली. अंधार पडला तरी तिचं संपलं नव्हतं. कोण कोणत्या नावानं हाका मारतं, कुणाच्या ताटात शेवटी काय पडतं, लेकीच्या तोंडाला लेप लावताना काय वाटलं, सगळं. कुणी मध्ये तोंड घालायला गेलं, की चंद्राबाई आपल्या बसलेल्या घशानं म्हणायच्या, ऐक आधी.

त्या दिवशी रीत ठरली. जो ओव्या शिकेल आणि मन लावून म्हणेल, त्याला ते सोंग. राक्षस आळीपाळीनं. नारळ फुटण्याआधी मेलेले सगळे उठून ओळीत उभे राहणार. रंग सोंगाला लावायचा, माणूस झाकायला नाही. आणि काजळीचं ते हसणं बंद. जो हसेल, त्यानं महिनाभर पेटारे वाहायचे. पहिला महिना प्रधानानंच वाहिले. जुनी जीभ, लवकर वळत नाही.

वाटलं, संपलं. पण रीत ठरवणं सोपं, निभावणं अवघड. पुढच्या गावच्या पाटलांनी निरोप धाडला: काळी राणी आमच्या देवासमोर नको, चंद्राबाईंना उभं करा, नाहीतर येऊ नका.

मंडळी मालकांच्या तोंडाकडे बघत राहिली. चंद्राबाईंचा घसा आता बरा झाला होता. त्या हो म्हणाल्या असत्या तर प्रश्न मिटला असता. त्या म्हणाल्या, मी या खेपेला राक्षसीण आहे, माझं सोंग ठरलंय. रावळोजींनी निरोप्याला पाणी दिलं आणि सांगितलं, "मंडळी येईल तर सगळी येईल. निवडून पाठवायला ही काही भाजी नाही."

ते गाव गेलं. त्याचं ऐकून दुसरंही गेलं. तो पावसाळा मंडळीनं नाचणीच्या पेजेवर काढला. कुणी कुरकुरलंच नाही असं नाही. दोघं जण सोडूनही गेले. पण रोज सकाळी सुरंगी ओव्या घोटायची, आणि तिच्या शेजारी बसून शिरपत राक्षसाची भाषणं पाठ करायचा.

पावसाळा सरला. खाडीकाठच्या एका लहानशा गावानं बोलावलं. सुरंगी उभी राहिली ती स्वतःच्या चेहऱ्यानं. कपाळावर कुंकू, अंगावर राणीचं हिरवं लुगडं, बस. आधी कुजबुज झाली. एक म्हातारा उठून जायला निघाला. तेवढ्यात राणीनं रानातली पहिली ओवी उचलली, आणि तो म्हातारा जिथे होता तिथेच, उभ्या उभ्या, शेवटपर्यंत ऐकत राहिला.

त्या गर्दीत मागे, होड्यांजवळ, खाडीपलीकडची माणसं उभी होती. ती कधी खेळाला येत नसत. आपल्यातला माणूस रोज मरताना कोण बघायला येईल? त्यांनी राणी पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी घरंच्या घरं होड्यांत घालून आणली. गावकऱ्यांनी सरकून त्यांना पुढे जागा करून दिली.

पुढे पलीकडच्या बारा गावांनी मिळून मंडळीला दरसालचं बोलावणं दिलं. त्यांची वाहवा ऐकून अलीकडची गावंही परत आली. नाही म्हणणारे पाटीलही आले, मागच्या रांगेत बसले, आणि कुणी त्यांना उठवलं नाही. रावळोजी थकल्यावर सगळ्यांनी मिळून मंडळी सुरंगीच्या हाती दिली. आणि बारा गावांनी धाकूच्या घराला खाडीकाठी जमीन दिली. चार पिढ्या चाकांवर राहिलेल्या त्या घराला पहिल्यांदा भिंती मिळाल्या. भागूनं स्वतःच्या हातांनी चूल घातली, सकाळी उचलून न्यायची नाही अशी, आणि तिच्यावर पहिलं दूध उतू गेलं. तसं तुमच्याआमच्या घरी जावो.

जी रीत आपल्याला टोचत नाही, तीच आधी तपासून पाहावी. ती दुसऱ्या कुणाला तरी टोचत असते.