कोंडाईची घोंगडी आणि तीन खरे शब्द

शुद्धलेखन चुकले तर सांभाळून घ्या. शाळा मी सातवीतच सोडली, भारी शब्द मला येत नाहीत. पण गोष्ट मनापासून लिहितो आहे.

एका राज्यात कोंडाई नावाची विणकरीण होती. तिने विणलेल्या घोंगडीत हिवाळा शिरत नसे. बर्फातही माणूस उबेत निजे. घोंगडी देताना ती प्रत्येकाला सांगे, "वर्षाच्या आत माझ्या विणीने दगा दिला, तर नवी घेऊन जा. तुझ्या हाताने फाटली, तर तसे सांग, शिवून देईन." परत आणणाऱ्याच्या शब्दावर ती विश्वास ठेवी. घोंगडी उलटून पाहत नसे.

एका वर्षी तिच्या उजव्या हाताची तीन बोटे दगडाची झाली. माग थांबला.

त्याच वर्षी राजा मेघध्वजाच्या लेकीला, सोनफुलेला, हिवाचा शाप लागला. शेगडीपाशी बसवली तरी तिचे दात वाजत. ओठ निळे पडले. राजवैद्य म्हणाले, "पौर्णिमेच्या आत कोंडाईने हिच्या नावाने घोंगडी विणली, तरच पोर वाचेल."

राजा स्वतः कोंडाईच्या दारी गेला. मागावर एक साळुंकी बसली होती. ती माणसासारखी बोलत असे. ती म्हणाली,

"राजा, ज्यांनी खरे सांगितले नाही, त्यांच्यापायी हिचा हात गोठला. तिघांनी या दारात खरे बोलावे, मग बोटे सुटतील. पहिला तुझा सेनापती."

सेनापती खंडेराय मिशी पिळत आला. "माझी घोंगडी आपोआप उसवली होती."

"आपोआप?" साळुंकी म्हणाली. "मग तिला घोड्याच्या घामाचा वास कसा?"

दारातली माणसे हसली. सेनापतीची मिशी खाली आली. "मोहिमेत खोगिराखाली घातली होती. फाटली, तेव्हा वीण कच्ची असल्याचे सांगून नवी नेली. चुकलो, आई."

एक बोट सुटले.

"दुसरा कोण?" राजाने विचारले. साळुंकीने मान वळवून त्याच्याकडेच पाहिले. राजाने मान खाली घातली.

"वर्ष सरायला एक दिवस उरला होता. घोंगडी उबदारच होती. मला नवी हवी होती, म्हणून ऊब गेली म्हणालो."

"राजा असून?" कोंडाईने विचारले.

"राजा होतो म्हणूनच. मला कोण विचारणार?"

दुसरे बोट सुटले.

"तिसरा खोटे बोलला नाही," साळुंकी म्हणाली. "तो बोललाच नाही. डोंगरावरचा बिरमल धनगर."

राजा डोंगर चढून गेला. बिरमल फाटकी घोंगडी पांघरून कुडकुडत बसला होता.

"अरे, परत का नाही नेलीस?"

"पहिल्याच आठवड्यात मधोमध सुटली, महाराज. पण लोक म्हणतील, धनगरानेच फाडली असेल. आणि आईला तोशीस कशाला?"

राजाने त्याला हाताला धरून आणले. दारात बिरमलने अंगावरची घोंगडी काढली. ती पुढे करून म्हणाला, "आई, वीण सुटली. माझ्या हातून नाही फाटली."

तिसरे बोट सुटले. त्याच बोटाने कोंडाईने सुटलेली वीण चाचपली, मग मागाची फणी पाहिली. फणीचा एक दात मोडला होता.

तिच्या डोळ्यांत पाणी आले. "बाबा, तू आला नसतास, तर राजकन्येची घोंगडीही अशीच मधोमध सुटली असती. तुझे उपकार कसे फेडू?"

दात नवा बसवला. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी घोंगडी विणून झाली. सोनफुला तीत शिरली, तिच्या ओठांवर लाली आली आणि ती शांत झोपली. त्यानंतरची पहिली घोंगडी बिरमलच्या खांद्यावर पडली.

राजा हात जोडून म्हणाला, "आई, आम्ही तुझ्या शब्दाचा गैरफायदा घेतला. आजपासून घोंगडी परत घेणे बंद कर. मी तशी दवंडी पिटवतो."

"नको, महाराज. तुम्ही दोघे खोटे बोललात, म्हणून बिरमलला दार लावू?"

राजाने दवंडी पिटवली नाही. कोंडाईचे दार उघडे राहिले, आणि त्या राज्यात पुन्हा कुणाचे बोट दगडाचे झाले नाही.

गोष्ट इथे संपली. ती लिहिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईसाठी घेतलेला पंखा सायकलला बांधला. दोन महिन्यांपूर्वी घेतला, आठ दिवसांत बंद पडला, पण मीच पाडला म्हणतील म्हणून परत नेला नव्हता. तेव्हापासून आई पुठ्ठ्याने वारा घेत होती. हमीचे कार्ड खिशात घातले आणि दुकानात जाऊन एवढेच म्हणालो, "पाडला नाही. आपोआप बंद पडला."

मालकांनी पंखा उतरवून घेतला. म्हणाले, "अरे, एवढे दिवस कुठे होतास?"